चांदीसारख्या अचुंबकीय धातूत चुंबकी डोमेन कसे तयार होतात?

वहीपेन

नमस्कार. चुंबकी डोमेन म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर लोखंड, निकेल आणि कोबाल्ट हेच धातू येतात. तेथे शेजारशेजारच्या अणूंचे स्पिन एका दिशेने वळतात, आणि बाहेर पसरणाऱ्या क्षेत्राची ऊर्जा वाचावी म्हणून धातू निरनिराळ्या दिशांच्या डोमेनमध्ये विभागला जातो, एवढे मला कळते. अलीकडे मात्र 'काँडन डोमेन' ही संज्ञा वाचनात आली. चांदी, बेरिलियम, कथील, ॲल्युमिनियम यांसारखे जे धातू आपण सर्रास अचुंबकीय म्हणतो, ते पुरेसे थंड करून प्रबळ चुंबकी क्षेत्रात ठेवले तर त्यांच्यातही डोमेन तयार होतात, असे तेथे म्हटले होते.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली अशी की, या धातूंत स्पिनांची कायमची रचना नसते, मग डोमेन कशाचे बनतात? दुसरी अधिक त्रासदायक आहे. द हास–व्हॅन आल्फेन परिणामामुळे या धातूंचे चुंबकन क्षेत्राबरोबर वरखाली होते हे मी शिकलो आहे, पण तो बदल मूळ क्षेत्राच्या मानाने लाखात काही भाग इतका किरकोळ असतो. एवढ्याशा बदलाने एकसंध स्फटिकाचे, तेही एकसारख्या क्षेत्रात ठेवलेले असताना, दोन प्रकारच्या भागांत तुकडे पडावेत हे मला पटत नाही. कोणी पायरीपायरीने समजावून सांगू शकेल काय?

प्रवर्तन

आपली दुसरी शंका हीच या विषयाची गुरुकिल्ली आहे, त्यामुळे तिच्यावर जास्त वेळ घालवतो. पहिलीचे उत्तर थोडक्यात असे की येथे स्पिनांचा प्रश्न जवळजवळ नाहीच. जे चुंबकन बदलते ते वहन इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीचे असते. क्षेत्रात इलेक्ट्रॉन वर्तुळाकार कक्षांत फिरतात, त्या कक्षांच्या ऊर्जा लँडाऊ पातळ्यांमध्ये विभागल्या जातात, आणि क्षेत्र वाढत जाईल तशा या पातळ्या एकामागून एक फर्मी पृष्ठभागाबाहेर, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन अवस्थांमधल्या सीमेबाहेर, निसटतात. प्रत्येक पातळी निसटताना धातूची ऊर्जा, आणि म्हणून चुंबकन, एक हेलकावा घेते. द हास आणि व्हॅन आल्फेन यांनी 1930 मध्ये लायडन येथे बिस्मथमध्ये पाहिले ते हेच. हे हेलकावे क्षेत्राच्या व्यस्तात समान अंतराने येतात, आणि त्यांची वारंवारता फर्मी पृष्ठभागाच्या सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान छेदाच्या क्षेत्रफळाशी प्रमाणात असते, हे ऑन्सागर यांनी 1952 मध्ये दाखवले.

आता चांदीचा हिशोब मांडू. चांदीच्या फर्मी पृष्ठभागाच्या पोटाकडच्या मोठ्या छेदासाठी ही वारंवारता, जिला आपण F म्हणू, सुमारे 47,300 टेस्ला आहे. क्षेत्र, म्हणजे B, 9 टेस्ला असेल तर F भागिले B म्हणजे साधारण 5,256. याचा अर्थ असा की आपण अनंत क्षेत्रापासून मोजत आलो तर पाच हजारांहून अधिक हेलकावे मागे पडलेले आहेत. पुढच्या हेलकाव्यापर्यंत जाण्यासाठी क्षेत्र किती बदलावे लागेल? B चा वर्ग भागिले F, म्हणजे 81 भागिले 47,300, म्हणजे सुमारे 1.7 मिलिटेस्ला. नऊ टेस्लाच्या क्षेत्रात पावणेदोन मिलिटेस्लाचीही भर पडली नाही, तोच चुंबकन एक पूर्ण आवर्तन करून मोकळे होते. हेलकाव्याची उंची क्षुल्लक असेल, पण त्याचा उतार क्षुल्लक नाही, आणि येथे सगळा खेळ उताराचा आहे.

उताराला एवढे महत्त्व का, ते पाहू. इलेक्ट्रॉन कोणते क्षेत्र अनुभवतो? पाठ्यपुस्तकांत सोय म्हणून बाहेरून लावलेले H लिहिले जाते. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनाची कक्षा असंख्य इतर इलेक्ट्रॉनांच्या मधून जाते आणि त्यामुळे त्याला सरासरी चुंबकी प्रवर्तन B जाणवते, ज्यात धातूचे स्वतःचे चुंबकन M मिळवलेले असते. म्हणून चुंबकन हे H चे फलन नसून B चे आहे, आणि B मध्ये M आहेच. साप आपलीच शेपटी धरतो, तसे हे समीकरण आहे. सोने, चांदी आणि तांब्यावर काम करणारे डेव्हिड शोनबर्ग यांनी 1962 मध्ये या मुद्द्याकडे लक्ष वेधले, कारण त्यांना मिळालेल्या हेलकाव्यांचे आकार साध्या सिद्धान्तापेक्षा फारच वेडेवाकडे होते.

बाहेरचे क्षेत्र किंचित वाढवले आणि आपण हेलकाव्याच्या चढत्या बाजूवर असलो, तर M वाढते, त्यामुळे B आणखी वाढते, त्यामुळे M आणखी वाढते. ही भर दर फेरीला आधीच्यापेक्षा लहान होत गेली तर सगळे एका ठिकाणी स्थिरावते. परंतु μ₀ (निर्वाताचा चुंबकी स्थिरांक) गुणिले M चा B नुसारचा उतार 1 पेक्षा जास्त झाला, तर ती भर दर फेरीला वाढतच जाते आणि त्या पट्ट्यातली कोणतीही B स्थिर राहू शकत नाही. चांदीत 9 टेस्लाला हा उंबरठा ओलांडण्यासाठी हेलकाव्याची उंची किती हवी? आवर्तन भागिले 2π, म्हणजे 1.7 भागिले 6.28, म्हणजे सुमारे 0.27 मिलिटेस्ला. मूळ क्षेत्राच्या मानाने हे लाखात तीन भाग झाले. आपण ज्याला किरकोळ म्हणता तेवढ्यानेच काम भागते, कारण F प्रचंड आहे.

व्हॅन डर वाल्स समीकरणाचा आलेख आठवला तर पुढचे सोपे जाईल. तेथे आलेखाच्या मधल्या भागात आकारमान कमी केले की दाब कमी होतो, हे अशक्य आहे, म्हणून वायू तो भाग टाळून द्रव आणि बाष्प अशा दोन अवस्थांत विभागला जातो. येथे H आणि B यांच्या आलेखालाही तशीच उलटी वळणे येतात, आणि धातूला B ची एक संपूर्ण पट्टी वर्ज्य होते. पिपर्ड यांनी 1963 मध्ये ही तुलना मांडली.

वहीपेन

आभारी आहे. उंची आणि उतार यांतला फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. तरीही एक गाठ सुटत नाही. काही B वर्ज्य आहेत हे मान्य केले तरी त्यातून एवढेच निघते की क्षेत्र वाढवत नेताना B एका क्षणी खालच्या किमतीवरून वरच्या किमतीवर उडी घेईल. संपूर्ण स्फटिक एकदमच उडी का घेत नाही? शेजारी शेजारी दोन्ही किमती एकाच वेळी असाव्यात याची गरज कोठून येते?

स्फटिक

ती गरज नमुन्याच्या आकारातून येते, आणि जोसेफ काँडन यांचे 1966 चे योगदान नेमके हेच आहे. त्यांनी बेरिलियमच्या मोजमापांवरून डोमेनची कल्पना मांडली.

क्षेत्राच्या दिशेने ठेवलेली लांब बारीक कांडी घेतली तर आपण म्हणता तसेच होईल. तेथे कांडीच्या आतले H आणि बाहेरचे H जवळपास एकच असतात, त्यामुळे उंबरठ्यावर पोहोचताच संपूर्ण कांडीतले B उडी घेईल आणि डोमेनची गरज पडणार नाही. आता तोच धातू पातळ पत्र्याच्या रूपात, क्षेत्राला लंब ठेवा. पृष्ठभागाला लंब असणारा B चा घटक पृष्ठभागाच्या आतबाहेर सलग राहिला पाहिजे, हा मॅक्सवेलचा नियम आहे आणि त्याला पळवाट नाही. त्यामुळे पत्र्याच्या आतल्या B ची सरासरी बाहेरच्या क्षेत्राने ठरते. बाहेरचे क्षेत्र नेमके वर्ज्य पट्टीत आले तर धातू दुहेरी पेचात सापडतो: सरासरी ती किंमत हवीच आहे, पण ती किंमत कोणत्याही एका ठिकाणी धारण करता येत नाही. मग काही भाग पट्टीच्या खालच्या टोकाला, काही भाग वरच्या टोकाला, आणि त्यांचे प्रमाण असे की सरासरी जुळावी, हाच एक मार्ग उरतो.

आकडे घालून पाहा. समजा चांदीच्या पत्र्यात वर्ज्य पट्टी 9.0000 ते 9.0012 टेस्ला अशी आहे, आणि आपण बाहेरून 9.0003 टेस्ला लावले आहे. तर पत्र्याच्या तीन चतुर्थांश भागात B 9.0000 असेल आणि एक चतुर्थांश भागात 9.0012. क्षेत्र 9.0006 केले की दोन्ही निम्मे निम्मे. 9.0009 ला प्रमाण उलटते. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की डोमेनमधल्या दोन किमती क्षेत्राबरोबर बदलत नाहीत, बदलतो तो फक्त त्यांचा वाटा. अतिसंवाहकांच्या मध्यस्थ अवस्थेशी परिचय असेल तर हे चित्र ओळखीचे वाटेल. लंब क्षेत्रात ठेवलेला शिशाचा पत्रा अतिसंवाहक आणि सामान्य अशा पट्ट्यांत विभागला जातो तो याच कारणाने.

लोखंडाशी असलेला फरकही यातून उघड होतो. लोखंडात डोमेन आपोआप असतात आणि प्रबळ क्षेत्र लावले की ते पुसले जातात. येथे क्षेत्राशिवाय डोमेनच नाहीत. लोखंडात शेजारच्या डोमेनमधले चुंबकन विरुद्ध दिशेला असू शकते. येथे दोन्ही डोमेनमध्ये B ची दिशा एकच असते आणि फरक दहा हजारात एकदीड भागाचा असतो. फक्त बारीकशा M कडे पाहिले तर मात्र एका डोमेनमध्ये ते क्षेत्राच्या बाजूने, म्हणजे समचुंबकीय, आणि दुसऱ्यात क्षेत्राविरुद्ध, म्हणजे प्रतिचुंबकीय असते.

भिंतीविषयी थोडेसे सांगतो, कारण हा भाग मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटतो. दोन डोमेनमधल्या सीमेवर स्पिन हळूहळू वळत नाहीत, कारण वळायला स्पिनच नाहीत. तेथे एक विद्युतप्रवाह वाहतो. B मध्ये 1.2 मिलिटेस्लाचा फरक टिकवायचा तर भिंतीच्या उंचीच्या दर मिलिमीटरमागे जवळजवळ 1 अँपिअर प्रवाह लागतो. तो कोणत्याही बॅटरीने दिलेला नसतो आणि त्याने उष्णताही निर्माण होत नाही. भिंतीच्या दोन बाजूंना फिरणाऱ्या कक्षांचे हे न जुळलेले उरलेले माप असते. साहजिकच भिंतीची जाडी कक्षेच्या त्रिज्येपेक्षा फार लहान असू शकत नाही. चांदीत 10 टेस्लाला ही त्रिज्या सुमारे 0.8 मायक्रोमीटर येते.

लोहचुंबक

मला हे सगळे फार गुंतागुंतीचे वाटते. प्रबळ क्षेत्र बदलत असताना चांदीसारख्या उत्तम वाहकात भोवरे प्रवाह निर्माण होणारच, आणि ते असमान वाटले गेले तर आतले क्षेत्रही असमान दिसणार. डोमेन म्हणून जे मोजले गेले ते भोवरे प्रवाहच नसतील कशावरून?

शीतमापक

शंका रास्त आहे, आणि अशा नमुन्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती स्वतःला विचारलेलीच असते. भोवरे प्रवाह क्षेत्र बदलण्याच्या वेगावर अवलंबून असतात. क्षेत्र स्थिर ठेवून थांबलो तर ते विरून जातात. डोमेन विरत नाहीत. परंतु याहून ठाम पुरावा काँडन आणि वॉल्स्टेट यांनी 1968 मध्ये चांदीवर दिला.

त्यांनी एनएमआर, म्हणजे अणुगर्भीय चुंबकी अनुस्पंदन, वापरला. चांदीचा अणुगर्भ आपल्या जागेवरच्या B प्रमाणे ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद देतो, म्हणजे प्रत्येक अणुगर्भ हा जागेवर बसवलेला एक सूक्ष्म क्षेत्रमापक आहे. सुमारे 9 टेस्ला क्षेत्रात आणि द्रव हीलियमच्या तापमानाला, क्षेत्र हळूहळू सरकवताना, कधी एकच रेषा दिसे आणि कधी तिच्या जागी दोन रेषा दिसत. त्या दोन रेषांमधले अंतर सुमारे 12 गॉस, म्हणजे 1.2 मिलिटेस्ला इतके होते. 'स्फटिक' यांनी वर घेतलेला आकडा तेथूनच आलेला दिसतो. क्षेत्र वाढवले की रेषा आपल्या जागा सोडत नसत. एकीची तीव्रता घटे आणि दुसरीची वाढे. भोवरे प्रवाहांनी क्षेत्र असमान झाले असते तर एकच रेषा पसरट आणि धूसर झाली असती. दोन स्वच्छ रेषा आणि त्यांच्यात सरकणारा वाटा हे दोन अवस्थांच्या सहअस्तित्वाचेच लक्षण आहे. हेलकाव्याचे आवर्तन 17 गॉस आणि वर्ज्य पट्टी 12 गॉस हे लक्षात घेतले तर क्षेत्र सरकवत असताना बहुतेक काळ नमुना डोमेन अवस्थेतच असतो असा अर्थ होतो.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. शुद्ध आणि थंड चांदीत रेडिओ लहरी पृष्ठभागाखाली काही मायक्रोमीटरच पोहोचतात, त्यामुळे जे दिसले ते कातडीतलेच होते असा आक्षेप घेता येतो. तो आक्षेप म्यूऑनांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनासारख्याच पण जड आणि अल्पायुषी कणांनी, दूर केला. धन म्यूऑन धातूत खोल जाऊन थांबतो, थांबल्या जागी B नुसार त्याचा स्पिन फिरतो, आणि सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत त्याचा क्षय होताना बाहेर पडणारा पॉझिट्रॉन त्या फिरण्याची दिशा सांगतो. 1996 मध्ये बेरिलियममध्ये म्यूऑनांच्या फिरण्याच्या एका वारंवारतेऐवजी दोन मिळाल्या. त्यानंतर कथील, ॲल्युमिनियम, शिसे आणि इंडियम यांतही तसेच दिसले. 2005 मध्ये चांदीच्या एकस्फटिकाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म हॉल प्रोब (चुंबकी क्षेत्र मोजणारे संवेदक) बसवून 10 टेस्लापर्यंतच्या क्षेत्रात जागोजागची B थेट मोजली गेली, आणि शेजारच्या प्रोबना खरोखरच वेगवेगळी किंमत मिळाली. त्याच वर्षी बेरिलियमच्या हेलकाव्यांत, क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना, वेगवेगळा मार्ग दिसतो हेही नोंदले गेले. भोवरे प्रवाहांचा वाटा वगळल्यावरही तो फरक उरतो, म्हणजे डोमेन अवस्थेत शिरायला आणि तिच्यातून बाहेर पडायला धातू थोडी टाळाटाळ करतो.

शेवटी स्वतःचा एक अनुभव, कारण नमुन्याच्या शुद्धतेचा उल्लेख येथे अजून कोणी केलेला नाही. विद्यार्थिदशेत मी चांदीच्या एका एकस्फटिकावर द हास–व्हॅन आल्फेन हेलकावे मोजत होतो. पहिल्या फेरीत संकेत उत्तम मिळाला. नंतर धारकातून काढताना पत्रा चिमट्यात किंचित वाकला, मी तो बोटाने दाबून सरळ केला, आणि दुसऱ्या फेरीत संकेत जवळजवळ नाहीसा झाला. डोळ्यांना पत्रा जसाच्या तसा दिसत होता. चांदी मऊ असते, आणि तेवढ्याशा वाकण्याने स्फटिकात पडलेले दोष इलेक्ट्रॉनांना कक्षा पूर्ण करू देत नाहीत. कमी दाबाच्या ऑक्सिजनमध्ये, उच्च तापमानाला, पुन्हा तापवून थंड केल्यावर संकेत बराचसा परत आला. तेव्हापासून प्लास्टिकच्या चिमट्याशिवाय मी चांदीला हात लावत नाही.

वहीपेन

दोन रेषांचा वाटा सरकतो हे वाचल्यावर माझी शंका फिटली. एक शेवटचा हिशोब स्वतः करून पाहिला आहे, तो तपासावा ही विनंती. उष्णतेमुळे हेलकावे ज्या घटकाने कमी होतात तो X भागिले sinh X असा आहे, आणि X म्हणजे 14.7 गुणिले तापमान गुणिले परिणामी वस्तुमानाचे (धातूतल्या इलेक्ट्रॉनाच्या भासमान वस्तुमानाचे) मुक्त इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाशी गुणोत्तर, भागिले क्षेत्र. चांदीसाठी गुणोत्तर 0.94 घेतले. 10 टेस्ला आणि 1.3 केल्विनला X सुमारे 1.8 येतो आणि घटक सुमारे 0.6. 4.2 केल्विनला X 5.8 होतो आणि घटक एकदम 0.035 वर उतरतो. खोलीच्या तापमानाला तर X चारशेच्या वर जातो, म्हणजे काहीच उरत नाही. यावरून, तापमान कमी ठेवले आणि क्षेत्र हवे तेवढे वाढवत गेलो, तर डोमेन अधिकाधिक ठळक होत जातील, असा निष्कर्ष मी काढला आहे. तो बरोबर आहे का?

प्रवर्तन

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे. क्षेत्र वाढवले की उष्णतेचा घटक आणि अशुद्धतेचा घटक दोन्ही 1 कडे जातात, आणि हेलकाव्याची उंचीही क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे खरे. परंतु त्याच वेळी आवर्तन क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात रुंदावत जाते. उतार म्हणजे उंची भागिले आवर्तन, म्हणून ते दोन घटक 1 च्या जवळ पोहोचल्यावर उतार क्षेत्राच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात घटू लागतो. पुरेशा प्रबळ क्षेत्रात तो पुन्हा 1 च्या खाली येतो आणि डोमेन नाहीसे होतात. म्हणून तापमान आणि क्षेत्र यांच्या आलेखावर डोमेन अवस्था एका बंद घुमटासारखी दिसते: डावीकडे उष्णता आणि अशुद्धता तिला रोखतात, उजवीकडे रुंदावलेले आवर्तन.

बेरिलियममध्ये तर याची दुसरीच बाजू दिसते. त्याची संबंधित वारंवारता सुमारे 950 टेस्लाच आहे, म्हणजे 3 टेस्ला क्षेत्रातही आवर्तन 9 मिलिटेस्लाहून जास्त, चांदीच्या 9 टेस्लाच्या आवर्तनाच्या पाचपटीहून अधिक. उंबरठा गाठण्यासाठी तेथे हेलकावाही तितकाच उंच लागतो. तो मिळतो याचे कारण बेरिलियमच्या फर्मी पृष्ठभागाचा तो भाग चिरुटासारखा लांबट आहे: त्याच्या लांबीवर छेदाचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, आणि त्यामुळे पुष्कळसे इलेक्ट्रॉन एकाच तालात हेलकावा घेतात. आपण केलेल्या गणितात F बदलून आणि हा वक्रतेचा घटक घालून बेरिलियमसाठी घुमट काढून पाहावा. अशुद्धतेसाठी डिंगल तापमान (अशुद्धतेने हेलकाव्यात होणारी घट तापमानाच्या रूपात सांगणारे माप) 1 केल्विन धरले आणि मग 2 केल्विन धरले, तर घुमटाची डावी कड किती सरकते ते पाहण्यासारखे आहे.